टिटवीचा माळ

आमच्या नव्या बोर्डवर कुणीतरी शेण फासलं होतं. साइटवर मी एकटीच होते.

पेठ वडगावच्या अलीकडचा हा माळ सरकारी. आमच्या कंपनीने तो लीजवर घेतलाय. म्हणजे जमीन सरकारचीच राहते. आम्ही तिथे बाग, चालायची वाट आणि झोपाळे करून काही वर्षं सगळं सांभाळायचं. मी लँडस्केप आर्किटेक्ट. झाडं कुठे, बाक कुठे, हे आखते. माणसांशी बोलणं माझ्या कामात येत नाही, अशी माझी समजूत होती.

बॉसना फोन केला.

"पोलिसांत कंप्लेंट दे. दुपारी ग्रामसभा आहे. त्यांनी विरोधाचा ठराव केला तर लीज रद्द होईल."

"सर, शेण एकाच शब्दावर आहे."

बोर्ड होता ‘सार्वजनिक मनोरंजन केंद्र’. ‘रिक्रिएशन’चं हे मराठी बॉसनी आणि मी मिळून शोधलेलं. दोघेही इंग्लिश मीडियमचे. कंपनीचं नाव, ‘सार्वजनिक’, सगळं स्वच्छ. शेण फक्त ‘मनोरंजन’वर, तेही नीट दोन हात देऊन.

जवळच एक मावशी शेरडं चारत होत्या. बराच वेळ घुटमळून मी विचारलं, "मावशी, या शब्दात वाईट काय आहे?"

"वाचाय येत न्हाय व्हय तुला?"

"येतं."

"मग? बाजारात असलाच बोर्ड हाय की. आत पत्त्याचा क्लब. आमचं मालक तितंच पडीक असत्यात. आता क्लब आमच्या दारात आणताय व्हय?"

मी प्लॅन गवतावर पसरला. वाट दाखवली, झाडं दाखवली.

"आणि पत्तं?"

"नाहीत."

"आणि आमची शेरडं?"

प्लॅनमध्ये तिथे कुंपण होतं. मी पेन्सिलने ते अलीकडे घेतलं. "सरांना विचारावं लागेल. या माळाला तुम्ही काय म्हणता?"

"टिटवीचा माळ. आणि काय म्हणायचं?"

त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. शेण कुणी फासलं, हे मात्र मी विचारलं नाही.

ग्रामसभेत पुढे सगळ्या बायका बसलेल्या. बॉसनी "आमचं मनोरंजन केंद्र" म्हणताच गलका झाला.

"पावणं, तुमी बसा," मावशी ओरडल्या. "त्या पोरीला बोलू द्या."

मी उभी राहिले. "क्लब नाही. टिटवीच्या माळावर झाडं लावायची आहेत. चालायला तिकीट नाही, आणि शेरडांची बाजू मोकळी ठेवायची आहे." मी बॉसकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग बोर्डवर तसं लिवा की!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. विरोधाचा ठराव मांडलाच गेला नाही.

आता संध्याकाळी मावशी आणि त्यांच्या मैत्रिणी त्या वाटेवर फिरतात. माझ्या बाकांना नावं ठेवतात, पण बसतात तिथेच. बोर्डवर आहे ‘टिटवीचा माळ. सर्वांसाठी खुला.’

जागेचं बारसं करण्याआधी तिला नाव आहे का, एवढं विचारावं. शेण पाण्याने निघालं होतं. शब्द घालवायला मात्र रंगाचे तीन हात लागले.