फुलबाजारातले रडके व्हिडिओ

फुलं संध्याकाळपर्यंत विकली नाहीत तर फेकावी लागतात. किस्से फेकवत नाहीत. नाशिकच्या फुलबाजारात पन्नास वर्षं हार ओवतोय. चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण माणसं भरपूर पाहिली. यंदा मात्र सगळी माणसं एकदमच रडायला लागली, ती मोबाईलवर!

त्याला कारण एक आवाज. आधी बासरी, मग एक थकलेला माणूस म्हणतो, "थांब जरा, मागे वळून बघ." बस, एवढंच. तो ट्रेंडिंग आहे म्हणे. हा आवाज लावायचा, तोंड पाडायचं आणि आयुष्यावर विचार करतोय असं दाखवायचं.

सुरुवात आमच्या कमलताईने केली. ती शेजारी झेंडू विकते, मळाही तिचाच. मोबाईल टोपलीला टेकवून ती लांब कुठेतरी बघत बसली. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं.

"ताई, झेंडू ताजा आहे का?"

कमलताईने मान वळवली नाही. पाणीही सांडू दिलं नाही. त्याच दुःखी चेहऱ्याने म्हणाली, "पहाटंच तोडलाय. दाबून बघू नका!"

लोकांनी तोच व्हिडिओ सगळ्यात जास्त पाहिला.

*

सुनील अंबडला कंपनीत आहे. ड्यूटी सुटली की घरी जाताना बायकोसाठी गजरा नेतो. चांगला माणूस. त्याने बायकोवर व्हिडिओ केला. उघडा डबा, मागे बासरीचा तोच आवाज, खाली लिहिलं, 'पहाटे उठणाऱ्या हातांना कधी थँक्यू म्हणालो नाही.'

मला वाटलं, बायको खूश होईल. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, डब्यात मेथी तशीच दिसतेय. घरी तर डबा रिकामा येतो, मग रोज कुणाला देता?"

*

माझ्याही मागे लागले. आमच्या गाळ्यातला रघू म्हणाला, "अण्णा, तुमचा चेहरा लय भारी हाय. फक्त डोळ्यांत पाणी आणा."

"कशासाठी?"

"आयुष्य आठवा की!"

आठवलं. हसू आलं. रघूने मोबाईल खिशात घातला.

*

आता या रघूच्या बापाचं सांगतो. भिकाजी माझ्या वयाचा, गाळ्यात माझ्याच शेजारी बसतो. त्याचा धाकटा भाऊ नामदेव कळवणला असतो. रघूच्या लग्नात नामदेवला फेटा बांधायचा राहिला. तो भर मांडवातून उठून गेला. अकरा वर्षं झाली, येणं नाही, फोन नाही. भिकाजी वरवर म्हणायचा, "नाय आला तर नाय." पण कळवणकडचा कुणी माल घेऊन आला की हळूच विचारायचा, "आमचा नामा बरा हाय ना?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

एकदा मीच म्हणालो, "तू थोरला आहेस. फोन कर."

"थोरला हाय म्हणूनच करणार नाय."

मी पुढचा हार ओवायला घेतला.

*

रघूला बापाची ही तगमग कळत होती. बापाला बरं वाटावं म्हणून त्याने त्याच्यावर व्हिडिओ केला. भिकाजीचा एक चांगला फोटो भिंतीला लावला. फोटो मोकळा दिसायला लागला. फुलवाल्याचं पोर ते! समोर पांढऱ्या शेवंतीचा ताजा हार होता, घातला. खाली लिहिलं, 'नाना, तुमच्यासारखं कुणी नाही.' वर बासरी. थांब जरा, मागे वळून बघ.

दुपारपर्यंत दीडशे लोकांनी श्रद्धांजली वाहिली.

रघूचं सांत्वन करायला एका व्यापाऱ्याने घरच्या जुन्या नंबरवर फोन केला. तो फोन भिकाजीकडे असतो.

"कोण बोलतंय?"

"भिकाजी."

पलीकडून फोन आपटला. नंतर कळलं, तो माणूस दिवसभर दुकानात आला नाही.

भिकाजी रघूवर असा पेटला की मला मधे पडावं लागलं. "जित्या बापाला हार घालतोस?" रघू बिचारा कान धरून उभा.

तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. नामदेव उतरला. डोक्याला टॉवेल, पायात चप्पल नाही. रडत, लोकांना ढकलत गाळ्यापर्यंत आला. समोर भिकाजी धुसफुसत सुईत दोरा ओवत बसलेला.

कमलताईने तोंडाला पदर लावला.

नामदेव ओरडला, "दादा, जिता हायेस तर कळवायचं नाय का?"

"अकरा वर्षं जिताच होतो," भिकाजी म्हणाला. "तुलाच खबर नव्हती."

नामदेव डोक्याचा टॉवेल सोडून शेजारी बसला. भिकाजीने त्याच्याकडे पाणी सरकवलं, मग शेवंतीची टोपली सरकवली. दोघं खाली मान घालून ओवत बसले. भिकाजी नामदेवची वाकडी फुलं काढून पुन्हा सरळ ओवत होता.

रघूने मोबाईल काढला. घाबरत म्हणाला, "नाना, चुकलो. आत्ता डिलीट करतो."

भिकाजीने मान वर केली नाही.

"राहू दे अजून दोन दिवस. त्र्यंबकची तुझी आत्यापण रुसलेली हाय."