एकशे एक ताप

माझ्या सात वर्षांच्या मुलीला ऑटिझम आहे. एरवी ती माझ्याकडे बघत नाही, पंख्याकडे बघते. ताप आला की मात्र मांडीवर येऊन बसते आणि 'आई' म्हणते. असं तीनदा झालं.

बरकतपुऱ्याच्या आमच्या घरात याचं श्रेय घ्यायला सगळे तयार. नवऱ्याच्या मते तिचा गहू बंद केल्याचा हा परिणाम. सासूबाईंनी दृष्ट काढली होती. "गॅसवर मिरच्या जाळल्या, पण ठसका बी लागला नाही. लई कडक नजर होती," त्या म्हणाल्या.

मी कोठी भागातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही मुलांमध्ये असं दिसतं. तापात शरीराची प्रतिकारशक्ती कामाला लागते, तिचा मेंदूशी काहीतरी संबंध असावा, पण नेमका कसा ते अजून कळलेलं नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बुखार इलाज नै है अम्मा. दवा बराबर देना."

मी तसं काही बोललेच नव्हते. पण माझा चेहरा बोलका आहे. घरात एकाचा तरी असावा.

गेल्या महिन्यात ती शाळेतून तापाने फणफणतच आली. एकशे एक. मी औषधाची बाटली काढली आणि डाळीच्या डब्यामागे ठेवून दिली. तासभरच, असं मनाला सांगितलं. पोटच्या पोरीचा ताप टिकावा म्हणून मी घड्याळाकडे बघत होते. ती मांडीवर आली, माझ्या नाकातली चमकी चाचपली, 'आई' म्हणाली. मला फार सुख झालं, खोटं कशाला बोलू?

"औषध दिलीस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"देते."

"कवा? पोरगी तव्यावानी तापू लागली."

तेवढ्यात मुलीने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, डोकं दुखतंय. औषध दे."

एवढं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली. मला रडू आलं, ते आनंदाचं नव्हतं. मी डाळीचा डबा सरकवला आणि टोपणात मोजून औषध दिलं. तिने ते मुकाट्याने घेतलं.

संध्याकाळपर्यंत ताप उतरला. ती पलंगावर जाऊन पंख्याकडे बघू लागली.

"उतरली बघ दृष्ट," सासूबाई म्हणाल्या.

मी हो म्हटलं आणि मुलीच्या शेजारी आडवी झाले. पंखा तसा बरा फिरतो.