बल म्हणजे उजवा

मंगळवारी सकाळी आप्पा गेले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. टेबलावर ॲम्प्लिफायर उघडा होता आणि मीटर चालू होता.

हे लिहायला बसलो त्याला आठवडा होऊन गेला. दोन ओळी होतात, मी उठतो, खिडकीपाशी जातो, पुन्हा येऊन आधीच्या दोन ओळी खोडतो. आप्पांबद्दल जास्तीचं काही लिहायचं नाही, एवढं ठरवलं आहे. तेच अवघड जातंय. बेळगावच्या शहापुरात वडिलांचा माग होता त्या खोलीत आप्पा ॲम्प्लिफायर बनवत, आणि स्वतः बनवलेल्या वस्तूला कधी ‘चांगली’ म्हणत नसत. गिऱ्हाइकानं विचारलंच तर म्हणायचे, “जेवढं हाय तेवढंच सांगतो. खरखर करत न्हाय, तापत न्हाय. बाकी तुमच्या कानानं बघा.”

लोक दुकानात येत आणि ॲम्प्लिफायर हातात उचलून त्याचं वजन पाहत. आप्पांना ते खपत नसे. “भाजी हाय व्हय, वजनावर घ्यायला?” दुसरा राग मोठ्या आवाजाचा. दोन ॲम्प्लिफायर ताडून बघायचे तर आधी स्पीकरच्या तारांना मीटर लावून दोघांचा आवाज तंतोतंत सारखा करायचा, हा त्यांचा नेम होता. “मोठा वाजला की माणसाला चांगला वाटतोय. पैल्यांदा दोघांस्नी एका रांगेत उभं करा, मग निवाडा करा.”

मी कागलचा. कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून बेळगावच्या कॉलेजात मराठी शिकवायला आलो, तेव्हा माझं कन्नड ‘बेकू’ म्हणजे हवं आणि ‘बेडा’ म्हणजे नको, या दोन शब्दांत संपत होतं. पहिल्या पगारवाढीनंतर मी परदेशी बनावटीचा एक ॲम्प्लिफायर घेतला होता. आप्पांच्यापेक्षा चौपट किमतीचा. त्याची तार तुटली म्हणून दुकानात नेला, आणि तार जोडताना आप्पा म्हणाले, “सर, ह्यो आणि माझा, दोनी पडद्याआड लावूया. फरक कळला न्हाय तर तसं सांगा. त्येच मला पायजे. बारा वर्सं ह्येच्यासाठनं झटलोय.”

रविवारी दुपारी त्यांनी दोरीवर बायकोची, म्हणजे आक्कांची, जुनी शहापुरी साडी टाकली. साडीमागं दोन्ही ॲम्प्लिफायर, मध्ये बदलायचं बटन आणि बटनापाशी आप्पा. पुढं खुर्चीवर मी. उचगावच्या भजनाचं त्यांनीच केलेलं रेकॉर्डिंग लागलं. “ह्यो पैला.” मग खट्. “ह्यो दुसरा.” तोच पखवाज, तीच चिपळी, म्हाताऱ्या बुवांचा ओळ संपताना सुटणारा तोच श्वास. आठ-दहा वेळा त्यांनी बटन फिरवलं. मला काहीही फरक कळला नाही.

चौपट पैसे मोजलेल्या माणसाला हे कबूल करणं सोपं नसतं. मी खुर्चीत चुळबुळ करत होतो. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं साडीचा काठ हलला आणि दुसरा वाजत असताना बटनाचा काटा दिसला. काट्यासमोर चिकटपट्टीवर आप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बल’. बल म्हणजे ताकद. म्हणजे जास्त ताकदीचा, म्हणजे हा माझाच. मी म्हणालो, “दुसरा. याचा आवाज भरीव आहे, खोल आहे.”

आप्पांनी साडी बाजूला केली. वाजत होता तो त्यांचा होता.

ते आत गेले. आक्कांना बोलावून आणलं आणि म्हणाले, “सर, परत एकदा सांगा की हिला.” मी परत सांगितलं.

पंधरा दिवसांनी दुकानात स्पीकर तपासताना ते म्हणाले, “बल बाजूचा सैल झालाय.” मी विचारलं, बल म्हणजे? “उजवा की ओ. कन्नडात बल म्हंजे उजवा, यड म्हंजे डावा. तुमी कागलकर, कन्नडात पार यडं.” ते हसले. मीही हसलो. पट्टी वाचून बोललो होतो, हे सांगायचं होतं तर तेव्हाच.

त्यानंतर आप्पा आपल्या वस्तूला चांगली म्हणू लागले. “भारीपेक्षा भारी हाय. कॉलेजच्या सरांनी पडद्याआड ओळखलाय.” निपाणीहून, खानापूरहून लोक यायचे, आपला महागाचा घेऊन यायचे, साडीसमोर बसायचे. त्यांना दोन्ही सारखेच वाटायचे. खरं तर तीच आप्पांची जीत होती, पण आता तिला जीत म्हणायला कोणी तयार नव्हतं. “म्हातारा लई थापा सोडतंय गा,” असं एक जण पायरी उतरताना म्हणाला. मी पायरीवरच होतो.

गेल्या वर्षी एकदा दुकानात आम्ही दोघंच होतो. पाठमोरेच, तारा गुंडाळत त्यांनी विचारलं, “सर, त्या दिवशी दुसरा खरंच भारी वाटलाता?”

“हो, आप्पा.”

त्यांनी तार खिळ्याला अडकवली. “मग लोकांच्या कानाचंच काय तरी असंल,” म्हणाले.

बाराव्याला मी आक्कांना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. खडा बाजूला टाकत म्हणाल्या, “त्येनला सांगायचं हुतं की ओ. खूश झालं असतं.” मग आत जाऊन ती साडी आणि ते बटन त्यांनी माझ्या पिशवीत घातलं.

आप्पांचा ॲम्प्लिफायर आणि मीटरही मी आक्कांकडून मागून आणला; आता दोन्ही ॲम्प्लिफायर माझ्या खोलीत आहेत. मीटर लावून दोघांचा आवाज सारखा केला आहे. दोरीवर साडी आहे. साडीमागं बटन फिरवायला कोणी नाही.