मोरीवर बसून ऐकलेलं

"ही कोण?" मुंबईहून आलेल्या त्या माणसानं विचारलं.

चेअरमननं मान वळवून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कोण न्हाय. बोल तू," म्हणाला.

मी तिथंच होते. चार हातांवर. बंगल्याच्या मागच्या सोप्याला लागून मोरी होती. तिथं उकिडवी बसून मटणाचं पातेलं घासत होते. कोपरापर्यंत फेस. सोप्यात चौघं सतरंजीवर बसलेले. चेअरमन, तो मुंबईचा, आणि चेअरमनच्या मागंपुढं फिरणारी दोन तालमीतली माणसं. मी खोकले असते तर चौघांना ऐकू गेलं असतं. आणि चेअरमन म्हणाला, कोण न्हाय.

मुंबईवाल्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बोलायला लागला.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. कोल्हापूरच्या बाहेर, नव्या वसाहतीत तो बंगला. सगळं गाव त्याला चेअरमन म्हणायचं. कधीकाळी कुठल्या एका पतसंस्थेवर होता, ती बुडाली, नाव तेवढं चिकटून राहिलं. खरा धंदा मटक्याचा आणि जागा बळकवायचा. माझ्याकडं धुणीभांडी. सकाळ-संध्याकाळ. मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. सोप्यावर पाय ठेवायचा नाही. स्वयंपाकघराचा उंबरा शिवायचा नाही. भांडी वहिनी, म्हणजे चेअरमनची बायको, दारातून मोरीत ढकलायची, घासून झाली की मी पालथी घालायची, मग ती वरून पाणी ओतून आत न्यायची. आम्ही बौद्ध. हे कुणी तोंडानं म्हणायचं नाही. पाणी ओतायचं फक्त.

त्या दिवशी मी जे ऐकलं ते असं. तालमीतला एकजण म्हणाला, "पेपरवाला दुपारी एकला प्रेसमधनं सुटतोय. मंगळवार पेठेत घर हाय त्येचं, जेवायला जातोय. गल्लीच्या तोंडाला खड्डा हाय, तितं स्कूटर हळू करतोय." मुंबईवाला म्हणाला, तेवढं पुरे. चेअरमन म्हणाला, "माझं नाव कुटं यायला न्हाय पायजे."

पेपरवाला म्हणजे कोण, ते मला माहीत होतं. चार पानांचं सांजदैनिक काढणारा एक संपादक होता. गरिबांच्या घरांसाठी राखून ठेवलेली जागा चेअरमननं कशी घशात घातली, ते त्यानं ओळीनं तीन वेळा छापलं होतं. मी त्याला कधी बघितलं नव्हतं. आमच्या वस्तीत लोक तो पेपर पारावर बसून वाचायचे.

मी पातेलं घासलं. पालथं घातलं. घरी गेले.

नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर होता, रविवारचा यायचा. त्याला सांगितलं. तो म्हणाला, मोठ्या लोकांच्या बाता असतात, आपल्याला काय करायचंय. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटायलाच हवं होतं. रोज जात राहिले, घासत राहिले. चेअरमन म्हणाला होता मी कोणी नाही. नऊ दिवस मीही तेच धरून चालले.

दहाव्या दिवशी दुपारी त्या खड्ड्यापाशी त्याला मारलं. स्कूटर हळू झाली, दोघांनी दोन बाजूंनी कोयते घातले. भर वस्तीत. घर पन्नास पावलांवर. त्याच्या बायकोनं ताट वाढून ठेवलं होतं, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला गेले, तर बंगल्यावर आदल्या संध्याकाळचं जेवण झालेलं. मोरीत खरकट्याचा ढीग. वहिनीनं दारातून पेपर टाकला आणि म्हणाली, हाडकं ह्यात गुंडाळ आणि कोंडाळ्यात टाकून ये.

पेपर उलगडला. वर त्याचा फोटो. चष्मा, दाढी, साधाच माणूस. खाली मोठ्या अक्षरात त्याचं नाव आणि हत्या.

मी हाडकं उचलली नाहीत.

"काय बघत बसलीस?"

"ह्यात न्हाई गुंडाळत, वहिनी."

"का? त्येला काय झालं?"

"मेलेल्या माणसाचा फोटो हाय. त्येच्यावर हाडकं टाकू व्हय?"

वहिनी दारातून पुढं आली. मोरीच्या कडेपर्यंत, कधी यायची नाही तिथपर्यंत. "तुला वाचायला येतंय?"

"सातवी झालीया माझी."

बापानं सगळ्या भावकीशी भांडून मला सातवीपर्यंत शाळेत ठेवलं होतं. तीन वर्षं मी त्या घरात काम केलं, कुणी विचारलं नव्हतं. वहिनीचा चेहरा बदलत गेला. पेपर, मोरी, सोपा, असं ती एकेक करून बघायला लागली. तिला काय वाटलं ते मला कळलं. ही बाई वाचते. म्हणजे ही ऐकते.

मी पेपरची घडी घातली, पोलक्यात ठेवली, हात धुतले आणि मागच्या दारानं निघाले. वहिनी मागून काहीतरी म्हणाली. मी थांबले नाही.

जवळच्या पोलीस चौकीत जाऊन उपयोग नव्हता. तिथला हवालदार बंगल्यावर चहाला यायचा, त्याचे कप मीच घासले होते. म्हणून मोठ्या साहेबाच्या कचेरीत गेले. सकाळी दहापासून बाकाच्या कडेला उभी. बस म्हणालं नाही कुणी. एक शिपाई येता-जाता विचारायचा, काय चोरलंस, कुणी मारलं, नवरा दारू पितो का? बाईमाणूस, मळकं लुगडं, म्हणजे तिची तक्रार एवढीच असणार. चार वाजता एक तरुण अधिकारी बाहेर आला. मी त्याला आडवी गेले आणि पोलक्यातला पेपर काढून दाखवला. म्हणाले, ह्याला कुणी मारायला सांगितलं ते मी ऐकलंय. तेव्हा कुठं खुर्ची मिळाली.

मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला. चेअरमनला धरलं, तालमीतल्या दोघांना धरलं. मुंबईवाला पळाला तो पळालाच. मोक्का लागला, मग वरच्या कोर्टात तो टिकला नाही, आणि खुनाचा आणि कटाचा खटला कोल्हापुरातच उभा राहायचं ठरलं. पण उभा राहायला चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत नवऱ्याचा माग सुटला. मालकानं कारण सांगितलं नाही. दुसऱ्या शेडमध्ये गेला, तिथं आठवड्यात काढलं. आमच्या दारावर रात्रंदिवस कोण ना कोण उभं. शेवटी आम्ही गाठोडी बांधली आणि माझ्या माहेरी मलकापूरला गेलो. नवरा शेतावर मजुरीला जायला लागला. यंत्रावरचा माणूस, त्याच्या हाताला खुरपं बसेना. माझ्यावर चिडायचा. एकदा म्हणाला, एका परक्या माणसापायी तू माझं हे केलंस. त्याचंही खोटं नव्हतं.

खटला सुरू झाला आणि साक्षीदार पडायला लागले. गल्लीच्या तोंडाचा पानपट्टीवाला म्हणाला, मी तेव्हा पाठमोरा होतो. प्रेसमधला खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, पोलिसांनी सांगितलं तशी सही केली. समोरच्या गॅलरीतला एक मास्तर, शिकलेला, पेन्शनवाला, तो म्हणाला मला कमी दिसतं. फितूर, फितूर, फितूर. सरकारी वकील मला म्हणाले, बाई, आता तुमच्यावर आहे.

मी पिंजऱ्यात उभी राहिले. चेअरमन समोर आरोपीच्या बाकावर, पांढऱ्या शर्टात. त्यानं माझ्याकडं बघितलं. तीन वर्षं त्याची भांडी घासली, पहिल्यांदा बघितलं.

त्याचा वकील पुण्याचा. मोठं नाव. त्यानं विचारलं, त्या वेळी तुम्ही काय करत होतात?

"मी भांडी घासत होतो," मी म्हणाले.

"होतो?" तो थांबला. मागं वळून लोकांकडं बघितलं. "साक्षीदार बाई आहेत की पुरुष? एकदा ठरू दे."

कोर्ट हसलं. लिहिताना मी होते असं लिहिते, शाळेत तसं शिकवलं. पण बोलताना आमच्याकडं बाया होतो, गेलो असंच म्हणतात. पेठेतली पाटलीणबाईसुद्धा तसंच म्हणते. तिला कुणी हसत नाही. हसणारे निम्मे वकील कोल्हापूरचेच होते. त्यांच्या आयाही तसंच बोलत असणार.

मग त्यानं मला बंगला फिरवून आणला. स्वयंपाकघरात जात होतात? न्हाई. सोप्यावर? न्हाई. का? आम्ही बौद्ध, म्हणून. तो जजसाहेबांकडं वळला आणि फार सभ्यपणानं म्हणाला, की ज्या घरात या बाईंना उंबऱ्याच्या आत घेत नव्हते, त्या घरातले लोक आपल्या आयुष्यातली सगळ्यात गुप्त गोष्ट यांच्यासमोर बोलतील, हे पटण्यासारखं आहे का?

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. ह्यांनी मला बाहेर ठेवायचं. आणि बाहेर ठेवलं हाच मी खोटी असल्याचा पुरावा.

"तुमच्यासमोर न्हाई बोलायचे, साहेब," मी म्हणाले. "तुमाला माणूस धरत्यात. माझ्यासमोर बोलले, जसं दारात कुत्रं बसलं तरी बोलायचं थांबत न्हाई तसं. त्या मुंबईवाल्यानं इचारलं, ही कोण. चेअरमन म्हणाला, कोण न्हाय, बोल तू. म्हणून बोलले."

जजसाहेबांनी टायपिस्टला मजकूर सांगितला: आरोपीने मी घरातील मोलकरीण असल्याचे सांगितले.

"न्हाई साहेब," मी म्हणाले.

ते चष्म्यावरून बघायला लागले. सरकारी वकिलांनी मला खुणावलं, गप्प.

"मोलकरीण म्हणाला असता तर मोलकरीण लिवा म्हणालो असतो. त्यो म्हणाला, कोण न्हाय. तसंच लिवा."

जजसाहेब टायपिस्टला म्हणाले, खोडा ते, बाई सांगतात तसं घ्या. मशीनचा आवाज आला. तीन-चार शब्द असतील. मी जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी लिहिलेलं खोडायला लावलं होतं.

वकील हटणारा नव्हता. म्हणाला, देवघरातलं चांदीचं निरांजन चोरल्यामुळं तुम्हाला कामावरून काढलं, तो राग तुम्ही काढताय. मी विचारलं, स्वयंपाकघरात न घेणाऱ्यांनी मला देवघरात कुठून जाऊ दिलं? त्यानं ते पान उलटलं. आणि मग त्याला जे खरंच हवं होतं ते त्यानं काढलं.

"ऐकल्यावर किती दिवस गप्प बसलात?"

"नऊ."

"माणूस मरणार हे माहीत असून नऊ दिवस. म्हणजे एक तर तुम्ही हे सगळं रचलंय, नाही तर तुम्हीच त्याला मरू दिलंत. दोन्हीपैकी कुठलं?"

संपादकाची बायको दुसऱ्या रांगेत बसायची. शाळेत शिकवायची ती, प्रत्येक तारखेला रजा काढून यायची, हातात डबा आणि पिशवी. पहिल्या दिवशी मला बघून तिनं हात जोडले होते. मी तिच्याकडं बघितलं नाही. वकील वाट बघत होता. त्याला वाटलं होतं मी रडेन, नाही तर शब्द फिरवीन.

"मरू दिलं," मी म्हणाले. "भ्यालो होतो. मरू दिलं मी त्येला. रचलेलं काय न्हाई."

मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. ती उठली आणि बाहेर गेली. पिशवी तिथंच राहिली. मी साक्ष संपेपर्यंत त्या पिशवीकडं बघत उत्तरं दिली. ती परत आली नाही. पुढच्या तारखांना आली तेव्हा माझ्याकडं तिनं बघितलं नाही, आणि मीही जवळ गेले नाही. काय घेऊन जाणार होते?

तालमीतल्या दोघांना आणि चेअरमनला जन्मठेप झाली. निकालात जजसाहेबांनी लिहिलंय की कटाचा पुरावा मुख्यतः या साक्षीदाराच्या जबाबावर उभा आहे आणि तो विश्वासार्ह आहे. सरकारी वकिलांनी ते मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, द्या, मीच वाचतो.

तो निकाल वर्षभर टिकल्यासारखा वाटला. मग अपील झालं, चेअरमन जामिनावर बाहेर आला. चौकात फटाक्यांची माळ लावली, गुलाल उधळला. खाली नाव छापलेला, हसऱ्या चेहऱ्याचा त्याचा फलक मी एस्टीच्या खिडकीतून बघितला. ज्या जागेबद्दल संपादकानं लिहिलं होतं, तिथं आता मंगल कार्यालय आहे. सांजदैनिक बंद पडलं.

आणि गेल्या महिन्यात मुंबईवाला सापडला. त्याचा खटला वेगळा चालणार, सगळ्या साक्षी पुन्हा होणार. समन्स यायच्या आधी त्यांच्याकडचा माणूस आला. चांगल्या घरचा, गोड बोलणारा. बाहेर खाटेवर बसून पाणी मागितलं आणि प्यायलाही. म्हणाला, मावशी, खोटं बोला असं कोण म्हणतंय? एवढी वर्षं झाली, माणूस विसरतोच की. आठवत न्हाई एवढंच म्हणायचं. कोण बोट दाखवणार न्हाई.

माझा नवरा दारात उभा होता. मला वाटलं तो हो म्हणून मान हलवेल. तो म्हणाला, "पावणं, पाणी पिऊन झालं असंल तर निघा."

मी त्या माणसाला सांगितलं, "मला सगळं आठवतंय. रोज आठवतो मी. भाकरी थापताना म्हणतो, रानात जाताना म्हणतो. कोण काय बोललं, कुठल्या शब्दात बोललं. जाऊन सांग."

हे खरं आहे. मी ते रोज म्हणते, पाढा म्हणावा तसं. सुरुवातीला विसरू नये म्हणून म्हणायचे. आता वस्तीतल्या कुणा बाईला चौकीत जायचं असलं की तीही माझ्याकडं येते. मी तिच्याबरोबर जाते, बाकावर बसते, आणि हवालदारानं लिहिलेलं तिला वाचून दाखवते. चुकीचं असलं तर खोडायला लावते. त्यांना मी आवडत नाही. मला आवडून घ्यायचं नाही.

परवा समन्स आलं. सही केली. समन्स घेऊन आलेला हवालदार म्हणाला, वय झालं तुमचं, दवाखान्याचा कागद जोडलात तर सूट मिळंल. नको म्हणाले.

ज्याला मी मरू दिलं त्याच्या बायकोनं मला माफ केलेलं नाही. करूही नये. मीही कुणाला करणार नाही. तारीख पडली की पहिल्या एस्टीनं मी कोल्हापूरला जाणार, पिंजऱ्यात उभी राहणार, आणि होतो असंच म्हणणार.