आसरांच्या डोहातलं शून्य

आपल्याकडची मरळ म्हणजेच तेलुगूतला कोर्रमीनु, हे संगणकाला पटवून देण्याचा मला पगार मिळतो. पैनगंगेच्या एका काठावर महाराष्ट्र, दुसऱ्यावर आम्ही आदिलाबादवाले. दोन्हीकडच्या नोंदींची भाषा वेगळी, मापं वेगळी. त्यांना एकमेकींची ओळख पटावी म्हणून आम्ही मासा, पाणी, खोली, अन्न अशी नाती मशीनमध्ये जोडून ठेवतो. घरचे याला सोयरीक जुळवणं म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा त्यातून नकाशा निघणार होता. मासे असतील ते डोह राखायचे, बाकीच्यांतला गाळ यंत्रं लावून उपसायचा. कच्चा नकाशा उघडला. आजोळच्या गावाखालचा आसरांचा डोह लाल, म्हणजे उपसायच्या यादीत, गेला होता. मासे शून्य.

शून्य! त्या डोहात कणकेची गोळी टाकली की पाणी उकळल्यासारखं होतं. पण ते मासे जलदेवतांचे, आसरांचे. गावात ते कुणी धरत नाही. धरत नाही म्हणून बाजारात येत नाहीत, म्हणून सरकारी नोंदीत पकड शून्य. आणि मशीनच्या लेखी पकड शून्य म्हणजे मासाच नाही.

हैदराबादच्या साहेबांना फोन करून अक्षरशः गयावया केली. ‘रिवाजामुळे धरत नाहीत’ एवढं एकच नवं नातं जोडू द्या, म्हटलं.

“मॅडम, ढाँचा अब नहीं बदलेगा. बाकी नदियाँ भी इसी में हैं. मछली नापकर, तौलकर दिखाइए. फोटो नहीं चलेगा.”

सोमवारी नकाशा पक्का होणार होता. रविवारी सकाळी मी मामांच्या दारात उभी. काठावरच्या आसरांना शेंदूर लावायचा मान त्यांच्या घराचा. नाहीतर यंत्रं डोह उपसतील, एकदाच जाळं टाकू द्या, मोजते आणि लगेच सोडते, असं मी एका दमात सांगून टाकलं.

“आमी धरत नाही, हे काऊन लिवता येत नाही तुमच्या मशीनले?”

“नाही येत, मामा.”

“मंग काय शिकवून राह्यले तुमी त्याले इतकी वर्सं?”

मला रडू फुटलं. राग साहेबांचा, मशीनचा, आणि या माणसाचाही, कारण ते बरोबर बोलत होते. मामा नारळ घेऊन घाटावर आले, आसरांपुढे फोडला आणि पाण्याकडे पाठ करून बसले. पलीकडच्या काठच्या भोयाला मी बोलावून ठेवलं होतं. त्याचं जाळं एकट्याला ओढवेना. मरळ, वाम, कटला. मी सगळे मोजले, तोलले, पाण्यात सोडले. सोमवारी डोह हिरवा झाला. मी टेबलावर डोकं टेकून हुंदके दिले.

त्यानंतर काही महिन्यांनी पौर्णिमेला आजोळी गेले. डोहात जाळी होती. पलीकडच्यांची होती, गावातल्यांचीही होती. मामा काठावर बसले होते, हातात कणकेची परात.

“मामा, तुम्ही अडवत का नाही यांना?”

“कोन्या तोंडानं अडवू, बाई? पयलं जाळं माह्याच घरचं.”

एक गोळी त्यांनी पाण्यात टाकली. मी वाट पाहत राहिले. गोळी तशीच बुडाली.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्या डोहाचे पकडीचे आकडे आता दर आठवड्याला येताहेत, फारच उत्तम, असं ते सांगत होते.