दोन छटा उजळ

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमची आत्या तर पाणीसुद्धा फुंकून पिणारी. तोंड कधी पोळलं होतं, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक जरा जास्त गोड बोललं, की तिच्या मनात पाल चुकचुकायचीच.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिने मला, सख्ख्या भाचीला, औषधाचा थेंब घालू दिला नाही. तो मान वरच्या मजल्यावरच्या नर्सला. दुसऱ्या खंडातून आलेली, काळ्या वर्णाची ही बाई आत्याची एकुलती एक मैत्रीण. मला हेवा वाटायचा.

नर्सला वडिलांना पाठवायला फोटो हवा होता. आत्याने तो जीव ओतून काढला आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे चेहरा दोन छटा उजळ केला. आमच्याकडे हे फुकट होतं. नाही केलं तर गिऱ्हाईक भांडतं.

नर्सने फ्रेम बराच वेळ पाहिली. "ही कोण?" तिने शांतपणे विचारलं आणि फोटो काउंटरवर ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती थेंब घालायला आली नाही.

आत्याच्या संशयाचं चक्र सुरू झालं. बाईला शिंगं फुटली, आता ती तक्रार करणार, सगळ्या इमारतीचे कान भरणार. मी बाटली उचलली, तर माझ्या हाताकडे बघून म्हणाली, राहू दे. डोळा लालभडक झाला.

मग एका सकाळी नर्स आली आणि तिने बाटली हातात घेतली. आत्या मान मागे टाकेना.

"का आलीस?"

"डोळा लाल झालाय. दुकानाच्या काचेतून दिसला."

"राग गेला?"

"नाही गेला. माझा रंग वडिलांचा आहे. तो पुसलेला फोटो त्यांना कसा पाठवू?"

आत्या उठली. खणाच्या तळातून तिने एका तरुण, गोऱ्यापान मुलीचा फोटो काढला. मीही तो कधी पाहिला नव्हता.

"ही मी. लग्न जमवायला बाबांनी उजळ केली होती. मुलाकडचे मला बघून म्हणाले, फोटोतली कोण आणि ही कोण? उठून गेले." तिने फोटो नर्सच्या पुढे ठेवला. "कसं लागतं ते मला ठाऊक होतं. तरी तुझंही तेच केलं. चुकले मी."

नर्सने तो फोटो हलकेच पालथा ठेवला. "माझा दुसरा काढ," ती म्हणाली. "आहे तसा. आता मान मागे."

आत्याने मान मागे टाकली. थेंब पडेपर्यंत दुसरा डोळा मात्र बाटलीवरच होता.