तुजी आई चालू व्हत न्हाय

माझी आई दोनदा गेली. पहिल्यांदा पाच दिवसांच्या तापानं, आणि दुसऱ्यांदा मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता म्हणून.

आम्ही भिवंडीतले, टेमघरचे. आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत भटजी असतो, पण लग्न खरं लावते ती धवलारीण. हळद दळण्यापासून मांडवातून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, म्हणजे धवळा, आणि तो तिनं म्हटल्याशिवाय पुढचं पान हलत नाही. आईला असे शंभरावर धवळे पाठ होते. लिहिलेला एकही नव्हता, कारण तिला लिहिता येत नव्हतं. मला लिहिता येत होतं, पण कंटाळा होता.

दोन हजार चार साली मी घरी कॉम्प्युटर घेतला. (‘ऑफिसचं काम घरी करता येईल’ असं सगळ्यांना सांगितलं आणि सहा महिने पत्ते खेळलो.) मी दापोड्याला एका गोदामाच्या ऑफिसात कारकून होतो. आलेल्या-गेलेल्या मालाच्या याद्या टाइप करायचो, त्यामुळे टेमघरात माझी कॉम्प्युटरचा डॉक्टर अशी ख्याती झाली होती. ती मीच पसरवली होती.

एका रविवारी मी स्वस्तातला माइक आणून आईला म्हटलं, बस इथं आणि म्हण. ती बसली, माइककडे पाहिलं आणि विचारलं, “लगीन कोनाचं हाय?”

मी म्हटलं, कुणाचं नाही, नुसतंच म्हणायचंय. आईनं सरळ नकार दिला. नवरा नाही, नवरी नाही आणि धवळा म्हणायचा, हा अपशकुन होता. मी तासभर समजावलं. शेवटी बाबाच वैतागून म्हणाले की या डब्याचं त्या टीव्हीशी लाव लगीन आणि म्हण एकदाचं. आईला ते पटलं! तिनं आतून हळदीची वाटी आणली, माझ्या कोऱ्या सीपीयूला पाच बोटं हळद लावली, मॉनिटरला लावली, दोघांवर अक्षता टाकल्या आणि मग जो आवाज लावला, तो थेट मांडवातला. शेजारी मजीदभाईंच्या कापडाच्या कारखान्यात वीस लूम खडखडत होते, ते त्या रेकॉर्डिंगमध्ये मागं ऐकू यायचे. अकरा धवळे झाले. उरलेले पुढच्या रविवारी करू म्हणालो. पुढचा रविवार मला जमला नाही. त्याच्या पुढचाही नाही. असे बरेच रविवार गेले आणि मग पावसाळ्यात तो ताप आला.

आई गेल्यावर बाबा बोलायचे थांबले. रागानं वगैरे नाही. त्यांचं बोलणं तिच्याशीच असायचं, आता कुणाशी बोलणार, एवढंच. महिनाभरानं मी त्यांना ते अकरा धवळे लावून दाखवले. बाबा खुर्चीत बसले होते ते हळूहळू पुढं सरकत पार पडद्याजवळ गेले. संपल्यावर म्हणाले, “मना शिकव.”

सत्तरीच्या माणसाला, ज्यानं जन्मभर भातशेती केली आणि खाडीत जाळं टाकलं, मी कॉम्प्युटर शिकवला. बटण दाबायचं, पडद्यावर हिरवी टेकडी दिसेपर्यंत थांबायचं, ‘आई’ लिहिलेल्या पिवळ्या फायलीवर दोन टिचक्या मारायच्या. त्यांना त्या दोन टिचक्या जमायला आठवडा लागला. त्यानंतर रोज जेवण झालं की दुपारी बाबा आईला चालू करायचे. हा त्यांचाच शब्द. “आईला चालू करतंय,” म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे. चुलत बहिणीनं मला तेव्हा दोनदा सांगितलं होतं की हे सगळं सीडीवर उतरवून ठेव. मी कोर्स केलेला माणूस, मला काय सांगते, असं माझ्या मनात आलं. तोंडानं मी बघू म्हणालो.

मग तो गुरुवार आला. ऑफिसात दुपारी फोन वाजला. उचलला, तर बाबांचा आवाज.

“दिनेश, तुजी आई चालू व्हत न्हाय.”

फोन जरा मोठ्यानं ऐकू येणारा होता. आमच्या टेबलावरची सगळी मंडळी आईच्या दहाव्याला येऊन गेली होती. त्यांनी माना वर केल्या आणि तशाच ठेवल्या. मी विचारलं काय झालं, तर बाबांनी सांगितलं की पडदा काळा झाला आहे, वर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आहेत आणि पुढं काही होत नाही. मी म्हटलं, हात लावू नका, मी येतो. साहेबांना सांगितलं, आईचं जरा आहे. साहेब माझ्याकडे बघतच राहिले, पण अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली.

घरी आलो. पडद्यावर अक्षरं होतीच. त्यात ‘डिस्क’ आणि ‘एरर’ हे दोन शब्द मला ओळखीचे वाटले, म्हणून बाकीचे मी वाचले नाहीत. बाबांना म्हटलं, “डिस्क खराब झालीय. खोलायला लागेल.”

तेवढ्यात मजीदभाई आले. तीस वर्षांचे शेजारी, आईला आपा म्हणायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडदा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “दिनेश, लूम अशी एकदम थांबली तर आमी पयलं बगतो, कुठं काय अडकलंय का. खोलतो नंतर.”

मी हसलो. म्हटलं, मजीदभाई, ही लूम नाही. ते ‘ठीक आहे’ म्हणाले आणि बाजूला स्टुलावर बसले. आजवर त्या हसण्याची मला जितकी लाज वाटली आहे, तितकी दुसऱ्या कशाची नाही.

मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, सीपीयू आडवा घातला आणि हाताला लागेल ते काढून कागदावर मांडलं. आतून कारखान्याचा कापूस निघाला, लहान उशी भरेल इतका. बाबांच्या चेहऱ्यावर आशा आली. त्यांना वाटलं की हेच आईच्या घशात अडकलं होतं. मग मी कोर्समध्ये शिकल्याप्रमाणे रॅमची पट्टी काढली आणि खोडरबरानं घासली. परत बसवली. बटण दाबलं. आता पडदाही उजळेना, नुसते लांब-लांब शिट्टीसारखे आवाज यायला लागले. मघाशी निदान अक्षरं तरी होती!

बाबांनी विचारलं हे काय म्हणतंय. मी म्हटलं, तपासतोय. (रॅम नीट बसली नव्हती. हे मला नंतर कळलं.) घाम पुसत मी कपाटातून विंडोजची सीडी काढली. कोर्सच्या सरांनी सांगितलं होतं की काहीच सुचेनासं झालं तर नवीन विंडोज टाका, आणि मला काहीच सुचेनासं झालं होतं. सीडी आत घातली आणि रॅमवर अंगठ्यानं जोर दिला. ती खटकन बसली. पुन्हा बटण दाबलं. शिट्ट्या थांबल्या आणि पडदा निळाशार झाला.

“आयली?” बाबांनी विचारलं.

“येतेय,” मी म्हटलं.

निळ्या पडद्यावर प्रश्न येत गेले आणि मी उत्तरं देत गेलो. एक प्रश्न लांबलचक होता. त्यात पुन्हा ‘डिस्क’ होतं आणि पुढं ‘फॉरमॅट’. मजीदभाईंनी विचारलं की एवढं लांब काय लिहिलंय, कुणाला तरी दाखवून घे. मी म्हटलं, साफसफाई करू का म्हणून विचारतंय. आणि बटण दाबलं.

पडद्यावर एक पिवळी पट्टी आली आणि डावीकडून उजवीकडं भरायला लागली. दहा टक्के, पंधरा टक्के. बाबांना आकडे वाचता यायचे. ते खुर्ची ओढून समोर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. प्रत्येक आकडा ते हलक्या आवाजात म्हणत होते. पन्नास झाल्यावर त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. आई गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं, ते तेव्हा. मीही हसलो. शंभर झाल्यावर मजीदभाई चहा पिऊन आपल्या कामाला गेले.

पुढं तासभर ते यंत्र आपलं आपलं काहीतरी करत राहिलं आणि मग अगदी नव्यासारखी हिरवी टेकडी उगवली. टेकडी होती, आकाश होतं, खाली कचऱ्याचा डबा होता. ‘आई’ लिहिलेली पिवळी फाईल नव्हती. मी सगळीकडं शोधलं. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा पाहिलं.

बाबा टोपी घालून वाट बघत होते. मी म्हटलं, “बाबा, अजून आवाजाचं बसलेलं नाही. दोन-चार दिवस लागतील.”

“बरं,” बाबा म्हणाले.

शुक्रवारी ते जेवले, आत गेले, बटण दाबलं आणि बसले. मी ऑफिसात होतो, मला बायकोनं सांगितलं. शनिवारीही बसले. आवाजाचं अजून बसलं नाही हे त्यांना माहीत होतं, तरी ते चहाच्या वेळेपर्यंत त्या मुक्या टेकडीसमोर बसून राहायचे. म्हणाले, आवाज आला नि मी नसलो तर?

रविवारी मी सीपीयू गोणपाटात गुंडाळला आणि कोन गावावरून कल्याण गाठलं. तिथं एक दुरुस्तीचं दुकान होतं, पन्नाशीच्या एका बाई चालवायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा पडद्यावर काय लिहिलं होतं ते विचारलं. मी आठवेल तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, “फ्लॉपी होती का आत?”

फ्लॉपी होती. बुधवारी संध्याकाळी गोदामाची यादी मी त्या चपट्या चौकोनी डिस्कवर घरी आणली होती, टाइप केली आणि फ्लॉपी तशीच आत विसरलो. गुरुवारी खोलताना हाताला लागेल ते काढलं त्यात तीही काढली होती आणि स्क्रूंच्या ढिगाखाली ठेवली होती. शुक्रवारी तीच शोधून, पुसून मी ऑफिसात जमा केली होती.

बाई मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हळू बोलल्या. कॉम्प्युटरला काहीही झालं नव्हतं. ती फ्लॉपी बाहेर काढून कुठलंही बटण दाबलं असतं तर तो सुरू झाला असता. पडद्यावर तेच लिहिलं होतं. त्यांनी चार तास खटपट केली, पण जुन्यावर नवीन बसलं होतं. जे निघालं ते माझे पत्त्यांचे खेळ.

परत येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. फ्लॉपी, बटण, साफसफाई, मी बोललेलं खोटं, सगळं. ते अंगणात बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “म्हंजे ती पिवली पट्टी…”

“हो.”

“मी तिला हात जोडलं रं.”

मी तिथंच पायरीवर बसून रडलो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि कुणाचं चुकलंय नि कोण कुणाला धीर देतंय, याचा काही ताळमेळ राहिला नाही.

त्या उन्हाळ्यात कोनला मावसभावाचं लग्न होतं. बाबा येत नव्हते, बायकोनं ओढून आणलं; मजीदभाईही सोबत आले. मांडवात हळद सुरू झाली आणि कमळाकाकूनं धवळा उचलला. ही काकू वीस वर्षं आईच्या शेजारी बसून तिच्या मागं म्हणायची. आवाज जाडाभरडा, आईची सर नाही, पण चाल तीच, शब्द तेच. आई ज्या ठिकाणी श्वास घ्यायला थांबायची, तिथं काकूही थांबत होती. बाबा पुरुषांतून उठले आणि सरळ बायकांच्या घोळक्यामागं जाऊन बसले. एका जागी काकू एक ओळ विसरली. सगळ्या बायका थबकल्या. मागून बाबांनी ती ओळ सांगितली, खाली मान घालून, हळू. एका पुरुषानं धवळा सांगितला म्हणून कुणी हसलं नाही. काकूनं तिथून पुढं उचलला.

मी एक छोटा टेपरेकॉर्डर आणला होता. तो काढून मी लाल बटण शोधायला लागलो. बाबांनी वळून पाहिलं, माझ्या हातातून तो घेतला आणि मजीदभाईंच्या हातात दिला. मजीदभाईंनी आधी आत काही अडकलंय का ते पाहिलं, मग बटण दाबलं. दोन दिवसांत तीन कॅसेट भरल्या. एकाही कॅसेटमध्ये आई नाही, पण बाबांचा आवाज सात ठिकाणी आहे.

पुढच्या वर्षी ऑफिसनं मला बढती देऊन कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख केलं. मी पेढे घेऊन घरी आलो आणि बाबांना सांगितलं. त्यांनी पेढा हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरला आणि विचारलं, “त्यांना म्हाईत हाय का?”

मी अजून सांगितलेलं नाही.